अनुभवी चालकाला हेल्मेटमधून सूट : मिशिगन, २०१२

१३ एप्रिल २०१२ च्या शुक्रवारी अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात हेल्मेटचा नियम बदलला. आदल्या दिवसापर्यंत मोटारसायकलवर बसणाऱ्या प्रत्येकाला हेल्मेट घालावंच लागे, मग तो चालवणारा असो की मागे बसणारा. गव्हर्नर रिक स्नायडर यांच्या सहीने आलेल्या नव्या कायद्याने काही जणांना यातून मोकळं केलं. वय २१ पूर्ण हवं. परवान्यावर मोटारसायकलचा शिक्का बसून किमान दोन वर्षं झालेली हवीत, नाहीतर सुरक्षित चालवण्याचा कोर्स पास केलेला हवा. आणि स्वतःच्या उपचारांसाठी किमान २०,००० डॉलरचा विमा हवा. मागे बसणाराही २१ चा हवा आणि त्याच्यासाठीही तितकंच विमासंरक्षण हवं. एवढं ज्याच्याकडे असेल त्याने डोकं उघडं ठेवून हायवेला लागावं, कायदा आड येणार नाही.

हेल्मेटचे नियम ढिले केलेली राज्यं अमेरिकेत पुष्कळ आहेत. त्यातलं मिशिगनच का घेतलं ते सांगते. मी पुण्यात फिजिओथेरपिस्ट आहे. डोक्याला मार लागून आयसीयूतून बाहेर आलेल्या माणसांना पुन्हा बसायला, उभं राहायला, घास तोंडापर्यंत न्यायला शिकवणं हे गेल्या अठरा वर्षांपासूनचं माझं काम. त्यातले बरेच जण दुचाकीवरून पडलेले असतात. त्यांच्या घरच्यांकडून एक वाक्य मी सारखं ऐकत आलेय : "अहो मॅडम, तीस वर्षं गाडी चालवतायत, कधी साधं खरचटलं नाही." हे वाक्य खोटं नसतं. माझ्यासमोर गादीवर पडलेला माणूस खरोखरच चांगला चालक होता, हे मला बहुतेक वेळा पटतं. म्हणून अनुभवी, सज्ञान, जबाबदार माणसावर हेल्मेटची सक्ती कशाला, हा प्रश्न मी कधी हसण्यावारी नेलेला नाही. मिशिगनने या प्रश्नाला थेट कायद्यातूनच उत्तर दिलं, आणि पुढे काय झालं याच्या नोंदीही नीट ठेवल्या गेल्या. त्यामुळे मतांच्या पलीकडे जाऊन पाहता येतं.

कायदा कुठून आला

अमेरिकेतली हेल्मेटसक्ती मुळात पैशाच्या दाबाने आली. १९६६ च्या महामार्ग सुरक्षा कायद्यानंतर केंद्र सरकारने राज्यांना बजावलं, की सर्वांना लागू होणारा हेल्मेट कायदा नसेल तर रस्त्यांच्या निधीतला काही भाग मिळणार नाही. १९७५ पर्यंत ४७ राज्यांनी कायदे केले. १९७६ मध्ये अमेरिकी काँग्रेसने तो दाब काढून घेतला आणि राज्यं एकामागून एक मागे फिरली.

मिशिगनची चाल या सगळ्यात वेगळी होती. १९६८ मध्येच तिथल्या अपील न्यायालयाने हेल्मेट कायदा घटनाबाह्य ठरवला. स्वतःचं डोकं वाचवायला नागरिकाला भाग पाडणं हा सरकारच्या अधिकाराचा भाग नाही, असा त्या निकालाचा आशय होता. पण पुढच्याच वर्षी, १९६९ मध्ये, राज्याने कायदा पुन्हा आणला, आणि १९७६ नंतर बाकीची राज्यं सोडून देत असतानाही तो टिकला. चार दशकांहून जास्त काळ मिशिगनचे मोटारसायकलवाले हेल्मेट घालत होते, आणि दक्षिणेला ओहायो-इंडियाना, तळ्यापलीकडे विस्कॉन्सिन, इथल्या सज्ञान चालकांवर तशी सक्ती नव्हती.

'एबेट' ही मोटारसायकलवाल्यांची संघटना वर्षानुवर्षं लान्सिंगला, म्हणजे राज्याच्या राजधानीत, खेटे घालत होती. गव्हर्नर जेनिफर ग्रॅनहोम यांनी २००६ मध्ये आणि पुन्हा २००८ मध्ये विधिमंडळाने पाठवलेली सवलतीची विधेयकं सही न करता परत धाडली. स्नायडर आले आणि तिसऱ्या खेपेला काम झालं.

समर्थकांचं म्हणणं मी प्रामाणिकपणे मांडते, कारण त्यात वजन आहे. पहिलं, हा माझा देह आहे आणि हेल्मेट न घातल्याने समोरच्याला इजा होत नाही. दुसरं, अपघात टाळणं हे खरं काम, तेव्हा शिक्षणावर आणि कारवाल्यांच्या बेफिकिरीवर खर्च करा. तिसरं, उन्हाळ्यात शेजारच्या राज्यांतले हजारो बाइकवाले हेल्मेटसक्तीमुळे मिशिगन टाळतात, आणि तळ्याकाठच्या गावांचा, मॅकिनॉ पुलापलीकडच्या उत्तरेकडच्या हॉटेलांचा धंदा बुडतो. चौथं, आणि माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचं, आम्ही नवशिक्यांसाठी काही मागतच नाही. नवशिक्यांना हेल्मेट घालायला लावाच. ज्याने अनुभव कमावलाय, ज्याच्याकडे विमा आहे, त्याला सोडा.

या चौथ्या मुद्द्यामुळे हा कायदा समंजस दिसतो. मधला मार्ग. विधिमंडळातल्या कुंपणावरच्या माणसाला मत देता येईल असा.

दोन वर्षांचा अनुभव म्हणजे किती

आता अटींकडे जरा जवळून पाहू.

मिशिगनमध्ये बर्फ पडतो. बाइकचा हंगाम साधारण एप्रिल ते ऑक्टोबर. उरलेले महिने गाडी गॅरेजमध्ये ताडपत्रीखाली असते. म्हणजे दोन वर्षांचा अनुभव हा जास्तीत जास्त दोन उन्हाळ्यांचा. तोही धरून चाललेला, कारण कायदा परवान्यावरच्या शिक्क्याचं वय मोजतो, चालवलेले मैल मोजत नाही. शिक्का मारून घेऊन दोन वर्षं गाडीला हात न लावलेला माणूसही या व्याख्येत अनुभवी. विशीत गाडी विकून, मुलं मोठी झाल्यावर पन्नाशीत तिप्पट ताकदीची नवी गाडी घेणाराही अनुभवी, शिक्का तेवढा जिवंत हवा. हे उदाहरण मी उगाच काढत नाही. अमेरिकेत मोटारसायकलवर मरणाऱ्यांत अलीकडच्या वर्षांत निम्म्याहून अधिक लोक चाळिशीच्या पुढचे आहेत.

अनुभवाचा अपघाताशी काय संबंध, यावर एक जुना आणि फार कष्टाने केलेला अभ्यास आहे. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या हॅरी हर्ट यांच्या चमूने लॉस एंजेलिस परिसरातल्या ९०० मोटारसायकल अपघातांची प्रत्यक्ष जागेवर जाऊन तपासणी केली आणि १९८१ मध्ये अहवाल दिला. अपघातात सापडलेल्यांना रस्त्यावर चालवण्याचा सरासरी जवळपास तीन वर्षांचा अनुभव होता. पण ज्या गाडीवर अपघात झाला, त्या विशिष्ट गाडीवरचा अनुभव निम्म्याहून अधिक लोकांचा पाच महिन्यांपेक्षा कमी होता. म्हणजे अनुभव खरोखर कामाचा आहे, पण तो हाताखालच्या गाडीशी बांधलेला असतो आणि नवी गाडी घेतली की त्यातला बराचसा पुन्हा मिळवावा लागतो. मिशिगनचा शिक्का हा भेद ओळखत नाही.

याच अहवालातली दुसरी गोष्ट मला त्याहून मोठी वाटते. दुसऱ्या वाहनाशी झालेल्या टकरींपैकी दोन-तृतीयांश अपघातांत चूक त्या दुसऱ्या चालकाची होती. तो मोटारसायकलच्या वाटेत आडवा आला होता. आणि धोका दिसल्यापासून धडक बसेपर्यंत मोटारसायकलवाल्याकडे जेमतेम दोन सेकंद होते. निष्णात माणूस त्या दोन सेकंदांत नवख्यापेक्षा चांगलं काहीतरी करतो, हे मान्य. तरी काही वेळा करण्यासारखं काहीच उरत नाही. अनुभव धडकेची शक्यता कमी करतो. धडक झाल्यावर कवटी डांबरावर आपटते तेव्हा त्या कवटीला मालकाचा परवाना किती जुना आहे हे ठाऊक नसतं.

इथे पेनसिल्व्हेनियाचं एक प्रकरण आठवतं. त्या राज्याने २००३ मध्ये जवळजवळ हीच सूट दिली होती : वय २१ आणि दोन वर्षांचा परवाना किंवा कोर्स. पिट्सबर्गच्या अमेरिकन फुटबॉल संघाचा क्वार्टरबॅक, म्हणजे संघाची चाल ठरवणारा मुख्य खेळाडू, बेन रॉथलिसबर्गर फेब्रुवारी २००६ मध्ये सुपर बोल हा त्या खेळाचा अंतिम सामना जिंकला (तो सामना मिशिगनमध्येच, डेट्रॉइटला झाला होता) आणि जूनमध्ये पिट्सबर्गच्या रस्त्यावर हेल्मेटशिवाय जाताना डावीकडे वळणाऱ्या कारने त्याचा रस्ता कापला. चेहऱ्याची हाडं मोडली, सात तासांची शस्त्रक्रिया झाली. चूक कारची होती. आणि मागाहून उघड झालं, की त्याच्याकडे मोटारसायकलचा वैध परवानाच नव्हता. म्हणजे तो सवलतीत बसतच नव्हता. सगळ्या शहराला ओळखीचा असलेला माणूस उघड्या डोक्याने फिरत होता आणि कायदा कुठेच मध्ये आला नाही.

अटींची खरी अडचण तिथेच आहे. हेल्मेट आहे की नाही हे पोलिसाला शंभर फुटांवरून दिसतं. वय २० की २१, शिक्का दीड वर्षाचा की अडीच, विमा आहे की नाही, हे दिसत नाही. सगळ्यांना लागू असलेला नियम डोळ्यांनी पाळून घेता येतो. अटींचा नियम कागद तपासूनच पाळून घेता येतो, आणि धावत्या गाडीचे कागद कोणी तपासत नाही. फ्लोरिडाने २००० मध्ये २१ च्या वरच्यांना सूट दिली, तेव्हा २१ च्या खालच्यांवरची सक्ती कागदावर तशीच होती. तरी पुढच्या तीन वर्षांत तिथे मोटारसायकलवर मेलेल्या २१ च्या आतल्या मुलांची संख्या जवळपास तिप्पट झाली. मोठ्यांनी काढलं, लहानांनीही काढलं.

पहिलं वर्ष आणि एक फसवा आकडा

आता मिशिगनमध्ये काय झालं ते.

राज्यात २०११ साली १०९ मोटारसायकलवाले मेले होते, २०१२ मध्ये १२९. हा आकडा हाती घेऊन लगेच निकाल देऊ नये. त्या वर्षी मार्च महिना मध्य-पश्चिम अमेरिकेत विलक्षण उबदार गेला, गाड्या लवकर बाहेर पडल्या, चालवणं वाढलं. मृत्यू वाढण्यामागे ते एक कारण असू शकतं, आणि समर्थकांनी तसं म्हटलं तर ते चूक नाही.

म्हणून अधिक काळजीपूर्वक केलेल्या अभ्यासाकडे जावं लागतं. मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी कायदा बदलण्याआधीचे बारा महिने आणि नंतरचे बारा महिने घेऊन पोलिसांच्या अपघात-नोंदी आणि ट्रॉमा केंद्रांतल्या रुग्णांच्या नोंदी तपासल्या. हा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. अपघातात सापडलेल्यांपैकी आधी ९३.२ टक्के लोकांनी हेल्मेट घातलेलं होतं, नंतर ७०.८ टक्के. वर्षभरात ही घसरण.

आणि मृत्यू? अपघातग्रस्तांपैकी मरण पावलेल्यांचं प्रमाण आधी ३.३ टक्के होतं, नंतर ३.२ टक्के. बदल नाही.

हेल्मेटविरोधी माणसाला हा आकडा मिळाला की तो तिथेच थांबतो, आणि मला ते समजतं. मीही पहिल्यांदा वाचला तेव्हा दोनदा पाहिला. पण त्याच अभ्यासात हेही आहे, की दारू, वेगमर्यादा, चौक वगैरे बाकीचे घटक वेगळे काढल्यावर हेल्मेट नसलेल्याच्या मृत्यूची शक्यता असलेल्याच्या १.८४ पट निघाली. मग दोन्ही खरं कसं? साधा हिशेब करून पाहा. हेल्मेट घालणारे ९३ वरून ७१ टक्क्यांवर आले. तरी दहांतले सात अजून घालतच आहेत. उरलेल्यांचा धोका १.८४ पट धरला तर एकूण मृत्युदरात वाढ व्हायला हवी ती साधारण सतरा-अठरा टक्क्यांची, म्हणजे ३.३ चे ३.९. एका राज्यातल्या एका वर्षाच्या आकड्यांत एवढा फरक योगायोगाच्या चढउतारात सहज दडून जातो. तो दिसला नाही याचा अर्थ तो नव्हता असा होत नाही.

दारूबद्दलही त्या अभ्यासात स्पष्ट आहे, आणि ते लपवणं योग्य नाही : दारू प्यायलेल्याच्या मृत्यूची शक्यता ११ पट वाढलेली दिसली. हेल्मेटपेक्षा कितीतरी जास्त. सुरक्षेचा सगळा जोर हेल्मेटवर देऊ नका, असं समर्थक म्हणतात ते याच्याशी जुळतं. पण एक मोठा धोका आहे म्हणून दुसरा धोका सोडून द्यावा, हे त्यातून निघत नाही.

आता मी ज्यासाठी हे लिहायला बसले ते आकडे. ट्रॉमा केंद्रात आणलेल्यांपैकी डोक्याला मार असलेले आधी ४३.४ टक्के, नंतर ४९.६. न्यूरोसर्जनला हात घालावा लागला असे आधी ३.७ टक्के, नंतर ६.५.

३.७ वरून ६.५. छापील तक्त्यात ही एक छोटी ओळ आहे. माझ्या कामात ती संपूर्ण वर्ष असते.

मेंदूवर दाब वाढला म्हणून कवटीचा तुकडा काढून ठेवलेला माणूस आमच्याकडे येतो तेव्हा तो मृतांच्या रकान्यात नसतो. तो वाचलेला असतो. पहिले काही आठवडे मानेचा तोल सांभाळणं एवढंच काम. मग बसवलं की डावीकडे कलणं. मग चमचा. बोलणं परत येतं, पण शब्द अडतात, आणि जो माणूस घरात कधी आवाज चढवत नव्हता तो मुलांवर ओरडायला लागतो, कारण राग आवरणारा मेंदूचा पुढचा भागच दुखावलेला असतो. माझ्याकडचे एक रुग्ण, साठीच्या जवळचे, आयुष्यभर दुचाकीवरून फिरतीची नोकरी केलेले, घराजवळच्या वळणावर रिक्षा आडवी आली म्हणून पडले. आठ महिन्यांनी ते काठी घेऊन चालू लागले, तेव्हा त्यांच्या पत्नी मला म्हणाल्या, "चालतायत हो, पण हे आमचे नाहीत." मी त्यांना काही उत्तर दिलं नाही. हा बदल कुठल्याही राज्याच्या अपघात-तक्त्यात मोजला जात नाही. मृत्युदर सारखाच राहिला, या वाक्यात ती बाई कुठेच नाही.

मिशिगनमध्ये हे नुकसान अंदाजाने का होईना मोजायचा प्रयत्न झाला. विद्यापीठाच्या वाहतूक संशोधन संस्थेच्या कॅरल फ्लॅनॅगन यांनी हिशेब मांडला, की कायदा बदलल्यापासून २०१२ संपेपर्यंत अपघातात सापडलेल्या सगळ्यांनी हेल्मेट घातलं असतं तर २६ मृत्यू आणि ४९ गंभीर इजा टळल्या असत्या. साडेआठ महिन्यांत, एका राज्यात.

वीस हजार डॉलर कोणाचे

अनुभवाच्या अटीने नैतिक आधार दिला होता, विम्याच्या अटीने आर्थिक. ज्याला जोखीम घ्यायची त्याने तिचा खर्चही बांधून ठेवावा, हा विचार मला मान्य आहे. पण रक्कम पाहा. गंभीर डोक्याच्या इजेनंतर अमेरिकेत आयसीयू, शस्त्रक्रिया आणि पुनर्वसन यांचा खर्च लाखो डॉलरांत जातो. २०,००० डॉलर ही त्यातल्या पहिल्या काही दिवसांची रक्कम. उरलेलं कोणीतरी दुसरं भरतं.

कोण भरतं, हे मिशिगनमध्ये विशेष पाहण्यासारखं आहे. १९७३ पासून त्या राज्यात 'नो-फॉल्ट' विमा आहे : कारच्या अपघातात चूक कोणाचीही असो, जखमीचा उपचारखर्च विमा देतो, आणि तो त्या काळी अमर्याद, आयुष्यभराचा होता. मोटारसायकल या कायद्याच्या व्याख्येत मोटारवाहन म्हणून धरली जात नाही, त्यामुळे तिच्या मालकाला असा विमा घ्यावा लागत नाही. पण मोटारसायकलची धडक कारशी झाली, तर जखमी मोटारसायकलवाल्याचा अमर्याद खर्च त्या कारच्या विम्यातून होतो. फार मोठे दावे राज्यभरच्या एका सामाईक निधीतून भागवले जातात आणि त्यासाठी प्रत्येक विमाधारक गाडीमागे वार्षिक आकार घेतला जातो; २०१२-१३ साली तो १७५ डॉलर होता. हा सगळा आकार मोटारसायकलवाल्यांमुळे होता असं मुळीच नाही, त्यात कारच्याच अपघातांचा वाटा मोठा. पण दिशा स्पष्ट आहे. हेल्मेट काढण्याचा निर्णय एकाचा, आणि त्याच्या पुढच्या चाळीस वर्षांच्या शुश्रूषेचा पैसा लान्सिंगमधल्या कार चालवणाऱ्या शिक्षिकेच्या हप्त्यातून.

कायदा बदलल्यावर विमा उद्योगाच्या महामार्ग-नुकसान संस्थेने मिशिगनमधल्या मोटारसायकल इजांच्या दाव्यांची चार शेजारी राज्यांशी तुलना केली. एका दाव्यामागची सरासरी रक्कम २२ टक्क्यांनी वाढलेली निघाली.

हा वाद जुनाच. मॅसॅच्युसेट्समध्ये १९७२ साली हेल्मेट कायद्याला आव्हान दिलं गेलं तेव्हा संघीय न्यायालयाने याच मुद्द्यावर ते फेटाळलं होतं : माणूस पडतो त्या क्षणापासून त्याला रस्त्यावरून उचलणारा, सरकारी दवाखान्यात नेणारा, डॉक्टर देणारा, आणि तो कायमचा अपंग झाला तर त्याचं कुटुंब सांभाळणारा समाजच असतो, तेव्हा ही फक्त त्याच्या एकट्याची बाब आहे हे आम्हाला समजत नाही. देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला. मिशिगनचा १९६८ चा निकाल आणि मॅसॅच्युसेट्सचा १९७२ चा निकाल शेजारी शेजारी ठेवून वाचले, की दोन प्रामाणिक विचार समोरासमोर उभे राहतात. मी दुसऱ्या बाजूला आहे, पण पहिली बाजू मूर्खांची आहे असं मला वाटत नाही.

पुढे २०१९ मध्ये मिशिगनने विमा कायदा बदलला. जुलै २०२० पासून कारमालकाला अमर्याद संरक्षणाऐवजी कमी मर्यादेचा पर्याय निवडता येतो, आणि त्या कारशी धडकलेल्या मोटारसायकलवाल्यालाही तेवढ्याच मर्यादेत खर्च मिळतो. म्हणजे २०१२ मध्ये हेल्मेट काढणाऱ्यामागे जे मोठं छत्र होतं, ते आता अनोळखी कारवाल्याने कोणता पर्याय निवडला यावर अवलंबून आहे. हेल्मेट सवलतीतली २०,००० ची अट मात्र होती तिथेच राहिली. ज्या माणसाच्या जबाबदारीवर सगळी मांडणी उभी होती, त्याच्या आणि त्याच्या घराच्या अंगावर हे आता येतं.

पुण्यातून पाहताना

आपल्याकडे मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ मध्ये वय किंवा अनुभव पाहून सूट नाही. पगडी घालणाऱ्या शिखांना सवलत आहे आणि चार वर्षांच्या आतल्या मुलांची सोय वेगळी. तरी १ जानेवारी २०१९ पासून पुण्यात पोलिसांनी कारवाई कडक केली तेव्हा झालेल्या विरोधात मिशिगनचीच भाषा ऐकू आली, फक्त तिथे 'हायवेचं स्वातंत्र्य' होतं आणि इथे 'शहरात वेगच कुठे असतो'. अनुभवाचा मुद्दा दोन्हीकडे सारखा.

वेगाच्या मुद्द्यावर मी रुग्णांच्या मुलांना एक गणित करून दाखवते. दुचाकीवर बसलेल्याचं डोकं जमिनीपासून साधारण दीड मीटर उंचीवर असतं. गाडी उभी असताना तोल गेला आणि डोकं नुसतं त्या उंचीवरून खाली आलं, तर रस्त्याला लागताना त्याचा वेग ताशी सुमारे १९ किलोमीटर असतो. गाडीचा वेग शून्य धरून. हेल्मेटच्या आतला थर्मोकोलसारखा जाड थर चिरडला जातो आणि डोकं थांबायला काही मिलिमीटर जास्त मिळतात. हेल्मेटचं सगळं काम एवढंच आहे. जगभरातल्या अभ्यासांचा एकत्रित आढावा सांगतो, की त्याने मृत्यूचा धोका ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या इजेचा ६९ टक्क्यांनी कमी होतो. या गणितात चालकाचं वय आणि अनुभव कुठेच घालता येत नाहीत. मी प्रयत्न करून पाहिला आहे.

मिशिगनच्या कायद्याला माझा आक्षेप त्याने स्वातंत्र्य दिलं एवढ्यापुरता नाही. त्याने ज्या तीन गोष्टींवर भिस्त ठेवली, त्यांपैकी एकही डोक्याला बसणाऱ्या धक्क्याशी जोडलेली नाही. वय कागदावर आहे. अनुभव शिक्क्यावर आहे. विमा गरजेच्या छोट्याशा तुकड्याइतका आहे. सूट द्यायचीच असेल, तर निदान विमा खऱ्या खर्चाइतका मागावा आणि पात्र माणूस लांबून ओळखू येईल अशी खूण गाडीच्या नंबर-प्लेटवर असावी. मग ही सूट कोण खरोखर घेतो ते कळेल. अशी अट घातली तर फार थोडे लोक पुढे येतील असं मला वाटतं.

मिशिगनचे आकडे कधीच सगळ्यांसमोर आले होते. तरी १ जानेवारी २०२४ पासून नेब्रास्का राज्यानेही २१ च्या वरच्या चालकांना हेल्मेटमधून सूट दिली. तिथे मोटारसायकल चालवण्याचा प्राथमिक सुरक्षा कोर्स केलेला असावा लागतो आणि डोळ्यांवर संरक्षक चष्मा लागतो. उपचारांच्या विम्याची अट त्यात नाही.